आधी तार, मग पंप

मंडळी, वाफसा आला, पेरणीची घाई, आणि ट्रॅक्टर नेमका रुसला! स्टार्टर फिरतो, टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन सुरू होत नाही. लगेच पंप खोलू नका.

पुष्कळ पंपांवर विजेवर चालणारी झडप असते. तिला सोलेनॉइड म्हणतात. वीज मिळाली की ती डिझेलची वाट उघडते. चावी फिरवा, कान द्या. 'टक्' वाजले पाहिजे.

वाजले नाही? मग बारा व्होल्टच्या दिव्याची एक तार झडपेच्या खिळीला लावा, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. दिवा लागला, तर झडप बिघडली, ती बदला. न लागला, तर फ्यूज पाहा. चावी बंद करून तारेचे गंजलेले टोक घासा, घट्ट बसवा.

पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते. पेरणीही साधते.