अधिकार कुणाचा?

(प्रकाशा इथल्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मिसरूड न फुटलेल्या पोरांनी अनोळखी माणसाला सल्ला द्यावा का, असा सवाल इथल्या जाणत्यांनी केलाय. अधिकार काय, म्हणे. अधिकार! हा शब्द कुणाच्या तोंडचा, ते ह्या दक्षिणकाशीत मी सांगायला नको.

ह्याच तापीच्या वरल्या अंगाला, जळगाव जिल्ह्यात, चांगदेवाचं गाव आहे. एवढा मोठा योगी, पण त्याची गुरू झाली मुक्ताई. वाळीत टाकलेल्या घरातली पोरसवदा पोर. आज तिला सगळे हात जोडतात. संत म्हणून चालते, पोर म्हणून चालत नाही.

ते ऱ्हाऊ द्या. आपली मुक्ता घ्या, मुक्ता साळवे. मांगाची लेक, वय चौदा, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. 1855 साली ‘ज्ञानोदया’त तिचा निबंध छापून आला. वेद बामणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं रोखठोक विचारलं. आणि कधी न बघितलेल्या महार-मांगांना सांगितलं, शिका. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बाया तिला ठाऊक होत्या. तोच तिचा अधिकार.

पण पोरांनो, तुमची पाठ थोपटायला मी आलो नाही. जे भोगलंय ते छातीठोक सांगा. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फारम, ह्यापायी तुम्ही कचेरीत कमी खेटे घातलेत का? मात्र तापानं फणफणलेल्याला गोळी सांगू नका. अॅट्रॉसिटीच्या केसमधे कलमं झाडू नका, वकील गाठून द्या. जीव द्यायला निघालेल्याला नुसता शब्द देऊन मोकळे होऊ नका, दवाखान्यापर्यंत संगं चला. गोदीत आमच्या टोळीत ‘उचल’ म्हणणारा आधी सोताचा खांदा लावतो.

आणि ज्या जाणत्यांना हे खपत नाही, त्यांनी संध्याकाळी वस्तीत यावं. फारम भरायला माणसं कमी पडतायत.