सकर मासा पुन्हा पाण्यात सोडू नका

 

आज आपण एका माशाबद्दल बोलणार आहोत. त्याचं कालवण कसं करायचं ते मात्र सांगणार नाही, कारण तो आपल्या चुलीवर चढतच नाही. तरी आपल्या घरखर्चात तो येऊन बसलाय. जाळ्याच्या खर्चात आहे, कर्जाच्या हप्त्यात आहे आणि आपल्या दुपारच्या वेळेतही आहे. त्याचं नाव सकर मासा. कुणी त्याला हेलिकॉप्टर मासाही म्हणतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रंग काळपट, अंगावर ठिपके नाहीतर नागमोडी रेघा. खवले नाहीत. त्यांच्या जागी हाडासारख्या टणक चकत्यांच्या रांगा असतात, जणू चिलखत घातलंय. पाठीवर शिडासारखा मोठा पर आणि दोन्ही बाजूंना जाड काटे. तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला, वाटीसारखं गोल. त्या तोंडानं तो दगडाला चिकटतो आणि शेवाळ, गाळ खरवडून खातो. म्हणूनच शहरात लोक रंगीत माशांच्या काचेच्या पेटीत त्याला ठेवतात. काच स्वच्छ राहते म्हणतात.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. हौसेच्या माशांच्या व्यापारातून तो आपल्या देशात आला. दुकानातून घेतात तेव्हा बोटाएवढा असतो. वाढत वाढत दीड फुटापर्यंत जातो. मग पेटीत मावत नाही, आणि मारवतही नाही. लोक पुण्य समजून त्याला जवळच्या ओढ्यात नाहीतर नदीत सोडतात. पुण्याहून मुळा-मुठा निघते, पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. वर सोडलेला मासा खाली आपल्या जाळ्यात येतो.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. गावं पाण्याखाली गेली, जमिनी गेल्या. मागं जे पाणी उरलं त्यावर इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या भागांतली कितीतरी घरं उभी राहिली. भिगवणच्या बाजारात पहाटे जी मासळी येते, त्यातली पुष्कळशी याच पाण्यातली. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम, शिंगटा. होडीवर घरातले पुरुष जात असतील. पण मासळी निवडायला, पाटी डोक्यावर घेऊन विकायला आणि फाटलेलं जाळं विणायला कोण बसतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता या सकरमुळं नुकसान कसं होतं ते बघू.

पहिलं नुकसान जाळ्याचं. तंगूसच्या जाळ्यात हा मासा अडकला की बाजूचे काटे ताठ करतो. काटे तिथंच अडकून बसतात. ओढलं तर जाळं फाटतं आणि हातही फाटतो. शेवटी कात्री लावावी लागते. मासा गेला, जाळंही गेलं, बाजारात पैसा शून्य.

दुसरं नुकसान तळाच्या खाण्याचं. मृगळ तळाशीच चरतो. आपल्या नदीतले इतर पुष्कळ मासेही तळाचा गाळ, शेवाळ, किडे खाऊन जगतात. सकर तिथंच चरायला येतो आणि थव्यानं येतो. तळाला चिकटवलेली दुसऱ्या माशांची अंडीही गाळाबरोबर त्याच्या पोटात जातात.

तिसरं नुकसान काठाचं. नर मासा मऊ मातीच्या काठात आडवं बीळ खणतो. मादी त्यात अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत नर राखण करतो. अंडी शेकड्यांनी, मोठी मादी असेल तर दोन-तीन हजारांपर्यंत. बिळं वाढली की काठ पोखरतो आणि ढासळतो.

आणि त्याला खाणारं कुणी नाही. चिलखत आणि काट्यांमुळं पक्षी त्याला गिळू शकत नाहीत, गिळायला गेले तर काटा घशात अडकतो. घाण पाण्यात दुसरे मासे श्वासावाचून मरतात, तेव्हा हा वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. त्यामुळं शहरांचं सांडपाणी जितकं वाढतं, तितकं याचं फावतं.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ होड्यांवर काय होतं? सकर जाळ्यातून सोडवला की लगेच पाण्यात फेकतात. त्यामागचं कारण आपल्याला कळतं. पहाटेची घाई असते, भिगवणला वेळेत पोचायचं असतं. जो विकत नाही त्याला काठापर्यंत का आणायचा? पण फेकलेला सकर मरत नाही. तो पुन्हा बिळात जातो, पुन्हा अंडी घालतो आणि पुन्हा कुणाच्या तरी जाळ्यात येतो. आज तुमच्या, उद्या जावेच्या.

म्हणून पहिली विनंती: जाळ्यात आलेला एकही सकर पाण्यात परत जाऊ देऊ नका. कसं करायचं ते सांगतो.

त्याला उघड्या हातानं धरू नका. ओल्या गोणपाटाचा तुकडा त्याच्या अंगावर टाका आणि त्यावरून पकडा. त्याचे काटे मागच्या दिशेनं वळलेले असतात. म्हणून शेपटीकडून ओढू नका. डोकं पुढं करून, ज्या दिशेनं तो शिरला त्याच दिशेनं बाहेर काढा. नाहीच निघाला तर काट्याजवळचा एकच धागा कापा. एक कापलेला आस विणायला सोपा, ओढून पडलेलं भगदाड अवघड.

सोडवला की डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक जोराचा घाव घाला. काठावर टाकला म्हणजे मेला असं समजू नका, हा पाण्याबाहेर तासन् तास जिवंत राहतो आणि सरपटत पाण्यात परत जातो. शिवाय तोही जीवच आहे. तडफडत ठेवण्यापेक्षा एका घावात संपवलेलं बरं.

मग खड्डा. पाणी चढेल त्या रेषेच्या वर आणि विहिरीपासून लांब, दोन हात खोल. खाली पालापाचोळा, वर मासे, त्यावर शेण, मग माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांदी. पुढं त्याचं खत होतं. पण त्याच्या चकत्या आणि काटे लवकर कुजत नाहीत, म्हणून शेतात टाकण्याआधी खत चाळून घ्या. नाहीतर खुरपताना पायात घुसतील.

काटा हाताला लागला तर साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. त्याच दिवशी उपकेंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. हळद लावून घरी बसू नका.

एक प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. ताई, हा खाता येतो का? त्याच्या मूळ देशांत लोक खातात. पण त्यात मांस थोडं, टाकायचं जास्त. आणि आपल्याकडं तो शहराचं सांडपाणी आलेल्या गाळात चरतो. गाळातले जड धातू माशाच्या अंगात साठतात. म्हणून तपासणी झाल्याशिवाय तो पोरांच्या ताटात नको. वाळवून कोंबड्यांनाही घालू नका, कारण ती अंडी आपलीच पोरं खातात.

दुसरा प्रश्न ओळखीचा. तळाला राहणारा प्रत्येक मासा सकर नसतो. आपल्या डोंगराकडच्या ओढ्यांत मळ्या नावाचा बारीक मासा दगडाला चिकटतो. तो आपलाच आहे, त्याला खवले असतात. शिंगट्याला लांब मिशा आणि गुळगुळीत कातडी असते. हात फिरवल्यावर कवच लागलं आणि तोंड खाली वाटीसारखं असलं तरच तो सकर. ओळख पटल्याशिवाय दांडकं उचलू नका.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागतं, तेव्हा काठावरची बिळंही उघडी पडतात. ती कुठं जास्त आहेत ते बघून ठेवा. पण बिळात हात घालू नका. तिथं सापही असतो.

आता दुसरी विनंती, आणि ही खास आपल्या गटांना. मोजा आणि लिहा. आमच्या प्रभागातल्या काही जणी या माशाचं गाऱ्हाणं घेऊन एका कार्यालयात गेल्या होत्या. तिथं त्यांना विचारलं, नुकसान किती? आकडा लेखी आणा. तोंडी सांगितलेलं कागदावर चढत नाही, हे आपण बचत गटात पहिल्या दिवसापासून शिकलोय. पुरुषांच्या हिशेबात फार तर नव्या जाळ्याची किंमत येते. आपण विणायला बसतो ती दुपार कुठल्याच वहीत नसते. समजा आठवड्यातले दोन दिवस जाळं दुरुस्त करण्यात गेले, तर महिन्याचे आठ दिवस झाले. आठ दिवस खुरपायला गेलो असतो तर किती रोज मिळाला असता, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

म्हणून गटाच्या वहीच्या मागं चार रकाने आखा. तारीख, किती सकर मारले, जाळं किती फाटलं, दुरुस्तीला किती तास गेले. बैठकीत एकीनं वाचून दाखवायचं. चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की ग्रामसंघाचा ठराव करून त्या मच्छीमार सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडं द्यायच्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी मदतीचा वाटा जास्त आहे. तिथं जाताना अशा नोंदी हातात असाव्यात.

जाळं दुरुस्तीसाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज द्यायला हरकत नाही. सावकाराकडं जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. एखाद्या विधवा बाईचं जाळं पुरतं गेलं असेल, तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीचा विचार करा. तो निधी अशाच वेळेसाठी असतो.

सकर पकडायचा म्हणून बारीक आसाची जाळी मात्र आणू नका. त्यात रोहू-कटल्याची बोटुकली मरतात. सकर राहील आणि आपला मासा जाईल.

मेक्सिकोत इन्फिएर्निओ नावाचं मोठं धरण आहे. तिथल्या लोकांचं पोट आपल्यासारखंच चिलापीवर होतं. सकर तिथं शिरला आणि काही वर्षांत जाळ्यांत चिलापी कमी, सकरच जास्त येऊ लागला. लोक त्याला सैतान मासा म्हणतात. बांगलादेशानं २०२३ मध्ये या माशावर बंदी घातली. उजनीतून तो आता पूर्ण जाईल असं आम्ही सांगणार नाही, एकदा नदीत पसरलेला मासा वेचून संपत नाही. पण संख्या आटोक्यात ठेवता येते. आपल्या माशाला जागा राहील एवढं नक्की करता येतं, आणि ते शंभर होड्यांनी मिळून केलं तरच होतं.

शेवटचं काम सगळ्यांत सोपं आहे. आपली पोरं, भाचे, पुतणे पुण्याला कामाला आहेत. त्यांना आज संध्याकाळी फोन करा. सांगा, पेटीतला मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्या, नदीत सोडू नका. तुम्ही तिथं सोडता आणि इथं आईचं जाळं फाटतं, एवढं सांगितलं तरी त्यांना कळेल.

येत्या बैठकीत हे तीन विषय घ्या: परत सोडायचा नाही, नोंद ठेवायची, शहरात फोन करायचा. काय ठरलं ते आपल्या केंद्राला जरूर कळवा.