मद्य, मोटार आणि मान

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



व्यवस्थापक मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. गुणगौरवाचा कार्यक्रम आताच पार पडला. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी कुस्तीत, क्रिकेटात, धावण्याच्या शर्यतीत नाव मिळविले आणि आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात त्यांचे कौतुक केले. ते योग्यच झाले. परंतु शाळामास्तराचा धर्म असा की, बक्षीस देऊन झाल्यावर दोन गोष्टी सांगितल्यावाचून त्यास राहवत नाही. म्हणून आजचा विषय आम्ही मुद्दाम खेळाडूंचाच निवडला आहे.

प्रश्न असा. ज्या खेळाडूस समाज डोक्यावर घेतो, ज्याच्या हाती ऐन तारुण्यात अमाप पैसा येतो, तो मद्य प्राशन करून मोटार हाकू लागला आणि त्याच्या हातून एखादा निरपराध जीव गेला, तर त्याने त्याचा जाब कसा द्यावा, आणि तो कोणी मागावा? आमची बहुतेक उदाहरणे अमेरिकेतील आहेत. तेथे खेळाडूंस मिळणारे वेतन अफाट असते, आणि तेथील निकाल वृत्तपत्रांतून जगापुढे येतात. उदाहरणे दूरची असली तरी बोध घरचा आहे, हे पुढे दिसेलच.

१४ मार्च २००९ च्या सकाळी फ्लोरिडा राज्यातील मायामी बीच येथे डॉन्टे स्टॉलवर्थ हा व्यावसायिक फुटबॉलपटू आपली बेंटली मोटार चालवीत होता. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे. चेंडू हाती घेऊन धावण्याचा तो अमेरिकन खेळ. आदल्याच दिवशी त्यास संघाकडून ४५ लाख डॉलर मिळाले होते. काम संपवून घरी निघालेला ५९ वर्षांचा एक क्रेनचालक रस्ता ओलांडीत असता त्या मोटारीची धडक बसून मरण पावला. खेळाडूच्या रक्तातील मद्याचे प्रमाण ०.१२६ टक्के निघाले. कायद्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांची होती. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ३० दिवसांच्या कारावासाची. त्यापुढे दोन वर्षे घरातच स्थानबद्धता, आठ वर्षे देखरेख, आणि मोटार चालविण्याचा परवाना कायमचा रद्द.

या घटनेस चार आठवडेही लोटले नव्हते, तोच ९ एप्रिल २००९ रोजी कॅलिफोर्नियात उलटा प्रकार घडला. निक ॲडनहार्ट नावाचा बेसबॉलचा २२ वर्षांचा उमदा गोलंदाज आणि त्याच्यासमवेत मोटारीत असलेले आणखी दोघे, एका मद्यधुंद चालकाच्या धडकेने प्राणास मुकले. हा चालक कोणी नामांकित पुरुष नव्हता. त्यास २०१० साली किमान ५१ वर्षे ते आजन्म अशी कारावासाची शिक्षा झाली.

येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. दुसऱ्या प्रकरणात तीन जीव गेले होते, चालकास पूर्वी याच अपराधाबद्दल शिक्षा झालेली होती, आणि तो अपघातस्थळाहून पळाला होता. स्टॉलवर्थ मात्र जागेवर थांबला, त्याने स्वतः मदत बोलाविली, आणि मृताच्या कुटुंबाशी त्याची आर्थिक तडजोड झाली. दोन्ही राज्यांचे कायदेही निराळे. हे सर्व आम्हांस मान्य आहे. तरीही एका पारड्यात ३० दिवस आणि दुसऱ्यात ५१ वर्षे पाहिली, म्हणजे सामान्य माणसाच्या मनात ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आल्यावाचून राहत नाही. उत्तम वकील नेमणे आणि तडजोडीची मोठी रक्कम उभी करणे ज्यास शक्य आहे, त्याची वाट कायद्याच्या चौकटीत राहूनही सोपी होते. यात कोणी लाच घेतली पाहिजे असे मुळीच नाही. न्यायाचा तराजू खोटा नसतो. पण त्याच्याजवळ पोहोचण्याचा रस्ता श्रीमंतास जवळचा पडतो आणि गरिबास लांबचा.

सौम्य शिक्षेने खेळाडूचे कल्याण होते, असे कोणी म्हणेल. सेंट लुई येथील लेनर्ड लिट्ल याचे उदाहरण पाहावे. १९९८ च्या ऑक्टोबरात वाढदिवसाच्या मेजवानीहून परतताना, मद्याच्या अमलाखाली, त्याने एका विवाहित स्त्रीच्या मोटारीस धडक दिली आणि ती बिचारी मरण पावली. त्यास ९० दिवसांचा कारावास, चार वर्षांची देखरेख आणि १००० तासांची समाजसेवा एवढी शिक्षा झाली. आठ सामन्यांचे निलंबन भोगून तो पुन्हा मैदानात उतरला, आणि त्याच हंगामात त्याचा संघ अजिंक्य ठरला. पुढे २००४ साली मद्यपान करून मोटार चालविल्याच्या संशयावरून त्यास पुन्हा अटक झाली. त्या आरोपातून न्यायालयाने त्यास मुक्त केले, भरधाव वेगाबद्दल मात्र दोषी धरले. ज्याच्या हातून एक जीव गेला, त्याने पुन्हा वेगमर्यादा मोडावी, एवढी गोष्टही विचार करावयास लावणारी आहे.

आता क्षमेची गोष्ट. डिसेंबर २०१२ मध्ये टेक्सास राज्यात जॉश ब्रेंट हा खेळाडू मद्य पिऊन मोटार चालवीत होता. मोटार उलटली आणि शेजारी बसलेला त्याचा जिवलग मित्र व संघातील सहकारी जेरी ब्राऊन मरण पावला. मृत मुलाच्या मातेने ब्रेंटला क्षमा केली आणि न्यायालयातही त्याच्याविषयी दयेचेच शब्द काढले. १८० दिवसांचा कारावास आणि दहा वर्षांची देखरेख अशी शिक्षा झाली. त्या मातेच्या थोरवीस आम्ही हात जोडतो. तथापि एक भेद ध्यानी धरावा. क्षमा करणे हा ज्याचे माणूस गेले त्याचा अधिकार; जाब विचारणे हे समाजाचे कर्तव्य. कारण उद्या त्याच रस्त्याने जाणारा जो अनोळखी माणूस आहे, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणासही नाही.

जाब चुकविण्याची दुसरी वाट म्हणजे पलायन. इंग्लंडमध्ये ली ह्यूज हा फुटबॉलपटू नोव्हेंबर २००३ मध्ये एका प्राणघातक अपघातानंतर जागेवरून निघून गेला आणि सुमारे दीड दिवसाने पोलिसांपुढे हजर झाला. इतक्या काळात कोणाच्याही शरीरातील मद्य निघून जाते. तो प्यायला होता की नव्हता, हे तपासण्याची वेळच टळून गेली. बेफाम मोटार चालवून मृत्यू घडविल्याबद्दल त्यास २००४ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच्या क्लबाने त्यास काढून टाकले. परंतु मद्याचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. रक्ताची साक्ष घटकाभराची असते, हे यावरून कळते.

खेळाडूंच्या ठायी आणखी एक भ्रम असतो. ‘माझे डोळे तीक्ष्ण, माझे हातपाय चपळ, मला दोन पेल्यांनी काय होणार?’ परंतु मद्याचा पहिला घाला हातापायांवर नव्हे, विवेकावर पडतो. आपण ठीक आहोत की नाही, हे ठरविणारी बुद्धीच आधी झिंगते. म्हणून प्यालेला मनुष्य आपण शुद्धीवर असल्याचे शपथेवर सांगतो. २ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे लास व्हेगास येथे हेन्री रग्ज हा २२ वर्षांचा फुटबॉलपटू ताशी १५६ मैल वेगाने मोटार हाकीत होता. म्हणजे एका सेकंदास सुमारे ७० मीटर! आपले कबड्डीचे मैदान १३ मीटर लांबीचे. डोळ्याची पापणी लवून उघडते न उघडते तोच अशी मैदानेच्या मैदाने मागे पडत होती. त्या धडकेने पेटलेल्या मोटारीत २३ वर्षांची एक तरुणी आपल्या कुत्र्यासह जळून मेली. रग्जचे चापल्य त्या तरुणीच्या काय उपयोगी पडले? त्याच्या संघाने त्यास त्याच दिवशी काढून टाकले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यास तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली.

या काळोख्या यादीत एक उदाहरण उजेडाचे आहे. इंग्लंडच्या आर्सेनल संघाचा कप्तान टोनी ॲडम्स मद्यपान करून मोटार चालविल्याबद्दल १९९० च्या डिसेंबरात तुरुंगात गेला. सुदैवाने त्यात कोणाचा जीव गेला नव्हता. शिक्षा भोगूनही व्यसन लगेच सुटले नाही. १९९६ साली त्याने आपण व्यसनाधीन आहोत हे जाहीरपणे मान्य केले, आणि २००० साली व्यसनात सापडलेल्या खेळाडूंसाठी स्वतःच एक उपचारसंस्था उभारली. यावरून जाब देणे म्हणजे केवळ तुरुंगात दिवस मोजणे नव्हे, हे दिसून येते. शिक्षा भोगणे ही पहिली पायरी, सत्य कबूल करणे ही दुसरी, आणि आपल्यासारख्या दुसऱ्यास त्या खड्ड्यातून वर काढणे ही तिसरी.

आता घराकडे वळू. आपल्याकडे असल्या प्रकरणांत खेळाडूंपेक्षा धनिकांच्या मुलांची नावे अधिक ऐकू येतात. पण रोगाचे मूळ एकच. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथालगत झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली अंत झाला. चालक सधन घरचा तरुण होता. खालच्या न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांची केली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर भागात दोन तरुण अभियंते अशाच धडकेत मेले. चालक १७ वर्षांचा मुलगा होता, आणि अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्यास जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनाही अटक झाली. आम्ही आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. निबंधाने भाषा सुधारते. दोन घरांतील विझलेले दिवे निबंधाने पेटत नाहीत.

आपल्या देशाचा कायदा अमेरिकेहून कडक आहे. तेथे बहुतेक राज्यांत १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यापर्यंत चालते. आपल्याकडे ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, आणि पहिल्या अपराधासच सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा आहे. मग उणीव कोठे आहे? बंधूंनो, ती आपल्यात आहे. परक्याचा मुलगा पकडला गेला की आपण म्हणतो, ‘कठोर शासन झाले पाहिजे.’ आपला पकडला गेला की म्हणतो, ‘पोराचे आयुष्य बरबाद होईल, कोणी ओळखीचे आहे का पाहा.’ ज्ञातीतील वजनदार मंडळी मग ठाण्याची पायरी चढतात, दूरध्वनी करतात, आणि त्यास ज्ञातिप्रेम असे नाव देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल; पण त्या मुठीत दुसऱ्याच्या मुलाचे रक्त असेल तर तिची किंमत काय?

म्हणून या व्यासपीठावरून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली: ज्ञातीतील लग्नकार्यात वा मेजवानीत ज्याने पेला हाती घेतला, त्याच्या हाती यजमानाने मोटारीची किल्ली पडू देऊ नये, तो रागावला तरी चालेल. दुसरी: असा अपराध आपल्यापैकी कोणाकडून घडल्यास त्याने जागेवर थांबावे, जखमीस रुग्णालयात न्यावे आणि रक्त तपासून द्यावे, आईबापांनी त्यास लपवू नये. तिसरी आणि सर्वांत अवघड: अशा प्रकरणी आपल्या संस्थेने रदबदलीसाठी शिष्टमंडळ पाठवू नये, शिफारसपत्र देऊ नये. आरोपीस वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, तो त्यास अवश्य मिळावा. परंतु संस्थेचा निधी द्यावयाचाच झाला, तर तो आधी मृताच्या घरी पोहोचावा, मग ते घर कोणत्याही ज्ञातीचे असो. मंडळाने हा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे आणावा, अशी आमची प्रार्थना आहे.

आज ज्या मुलांस आपण पदके दिली, त्यांतील एखादा उद्या मोठा होईल, त्याच्या दारी मोटार उभी राहील. त्या दिवशी आपल्या टाळ्या त्याच्या कानांत घुमत असतील. मान मिळाला म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही, ही जाणीव त्या टाळ्यांबरोबरच त्यास दिली, तर रस्त्याने जाणारा कोणी अनोळखी क्रेनचालक रात्री सुखरूप घरी पोहोचेल. आपल्याला त्याचे नावही कळणार नाही, आणि कळू नये हेच बरे.