विहार हे विचारविनिमयाचे केंद्र व्हावे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

समितीची मंडळी निमंत्रण घेऊन दुकानावर आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी काही वक्ता नाही. जालन्यात माझे मोटारी भरण्याचे छोटेसे दुकान आहे. शेतकऱ्याची पाणबुडी मोटार जळाली की तिच्यातली जुनी तार काढायची आणि नवी भरायची, यात माझी तीस वर्षे गेली. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "मग तेच बोला. दुकानात दिवसभर लोकांचं जे ऐकता, त्यावर बोला." खरंच आहे. मोटार उघडून होईपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं, आणि बसलं की बोलतं. सोयाबीनचा भाव, पोराची नोकरी, नवे यंत्र, बँकेचे कर्ज, इलेक्शन. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण एकमेकांना मत कसे सांगतो, आणि एकमेकांचे मत कसे घेतो.

मराठीत ‘मत’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मत पेटीत द्यायचे, दुसरे तोंडाने मांडायचे. दोन्हींचा हक्क आपल्याला राज्यघटनेने दिला. पेटीतले मत पाच वर्षांतून एखाद-दोन वेळा द्यावे लागते, आणि ते देताना आपण चार जणांना विचारतो, रात्रभर विचार करतो. तोंडाचे मत मात्र आता मोबाईलवर गेले आहे. ते दिवसातून पन्नास वेळा दिले जाते, आणि त्यातले बहुतेक आपले नसतेच. कुणीतरी पाठवलेले आपण पुढे ढकलतो. याला विचारविनिमय म्हणायचे का? विनिमय म्हणजे देवाणघेवाण. आपल्याजवळचे काही द्यावे आणि समोरच्याचे काही घ्यावे. नुसते ढकलणे म्हणजे विनिमय नव्हे, ती हमाली झाली.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तो कशासाठी? त्या काळी वर्तमानपत्रे पुष्कळ होती, पण आपले मत त्यात येत नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी त्या कामाला अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे 3 एप्रिल 1927 ला ‘बहिष्कृत भारत’, 1930 मध्ये ‘जनता’ आणि 4 फेब्रुवारी 1956 ला ‘प्रबुद्ध भारत’. ‘बहिष्कृत भारता’त तर मदतनीस नाही, पैसा नाही, अशा अवस्थेत बाबासाहेब अंकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून काढत. ‘आजकालचे प्रश्न’ या सदरात ते चालू घडामोडींचा समाचार घेत. ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात त्यांनी जहाजाचा दाखला दिला आहे. एका उतारूने दुसऱ्याला त्रास द्यायचा म्हणून जहाजाला भोक पाडले, तर आधी कोण आणि मागाहून कोण एवढाच प्रश्न उरतो; बुडतात सगळेच. हा दाखला त्यांनी एका जातीचे नुकसान करू पाहणाऱ्या पत्रांना दिला होता. आज प्रत्येकाच्या खिशात एक पत्र आहे आणि प्रत्येक जण त्याचा संपादक आहे. म्हणून तो दाखला आता आपल्यालाही लागू होतो.

आपल्या मराठवाड्यात ही परंपरा पुढे चालली. डॉ. गंगाधर पानतावणे सरांनी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक चालवले आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर बसत, वाद घालत. 2018 मध्ये सर गेले. त्यांनी जे समोरासमोर बसवले, ते आपण टिकवले का, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. कारण चूक माझ्या हातूनही झाली आहे.

2022 सालची गोष्ट. आमच्या ग्रुपवर एक संदेश आला. कुसुम योजनेत सौरपंप मिळणार, अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला किमतीचा फक्त पाच टक्के हिस्सा, खालील ठिकाणी नोंदणी फी भरा. मी मोटारीच्या धंद्यातला माणूस. योजना खरी आहे, पाच टक्के ही गोष्टही खरी आहे, हे मला माहीत होते. म्हणून मी तो संदेश चार ठिकाणी पाठवला. घनसावंगी तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने पाच हजार रुपये भरले. दीड एकराचा धनी. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी फोन लावतो तर नंबर बंद. योजना खरी होती, नोंदणीचा पत्ता खोटा होता. थापेला नेहमी खऱ्याचे अस्तर असते, मंडळी. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अशा बनावट संकेतस्थळांबद्दल आधीच सावध केले होते. ते मी वाचले नव्हते. आम्ही 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली, पण तिथे लवकर फोन करावा लागतो, आणि आम्हाला उशीर झाला होता. मावसभाऊ मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही पाठवलं म्हणून भरले." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्याने त्या संदेशावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता.

माझ्या चुकीने पाच हजार गेले. दुसऱ्यांच्या चुकीने पाच जीव गेले. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्या दिवशी बाजाराला आलेल्या पाच जणांना जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे भटके. पुढे 2024 मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पण तो संदेश ज्यांनी ज्यांनी पुढे ढकलला, ते घरी भाकरी खात बसले असतील. त्यांच्या हाताला रक्त लागले नाही, असे आपण म्हणू शकतो का? त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता येते. माणसाची मर्यादा माणसानेच घालायची असते. चौथे शील आपण रोज म्हणतो, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन. दुसऱ्याचे खोटे आपल्या बोटाने पुढे पाठवले, तर शील मोडत नाही काय?

आता धंद्याचे बघा. आपल्या गल्लीतल्या भगिनींच्या बचत गटाने शेवयांचे मशीन घ्यायचे ठरवले. ग्रुपवर विचारले, तर सगळ्यांनी अंगठे दिले. नशीब असे की पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी त्या याच विहारात बसल्या. तेव्हा एक वयस्क बाई बोलल्या, "अगं, ह्या भागात तीन मशिनी आहेत, आणि शेवया लोक उन्हाळ्यातच करतात. बाकीचे आठ महिने हप्ता कुठून भरायचा?" मग हिशेब मांडला गेला, आणि मिरची-मसाला दळण्याचे मशीन घ्यायचे ठरले. त्या बाईंना मोबाईल चालवता येत नाही. आपल्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा दिला, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते, तरी आपण न वाचता अंगठा देतो! मग शिकून काय मिळवले?

यंत्राविषयीही तसेच. सौरपंप आले, तेव्हा दुकानात मी सगळ्यांना सांगायचो, काही कामाचे नाहीत, ढग आले की बंद. खरे सांगायचे तर ते माझे मत नव्हते, ती माझी भीती होती. पंप सूर्यावर चालू लागला, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी पुरवणाऱ्या कंपनीवर असली, तर माझ्याकडे मोटार कोण आणणार? 2024 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. माझी झोप उडाली. एके दिवशी आयटीआय केलेला आपल्याच वस्तीतला एक पोरगा बाकड्यावर बसून म्हणाला, "काका, पाच वर्षांनी हमी संपल्यावर हे पंप कोण दुरुस्त करणार? मोटार तर मोटारच आहे, नवी गोष्ट म्हणजे कंट्रोलरची पेटी. ती तुम्ही शिका, नाहीतर मी शिकतो आणि तुमच्या शेजारी बसतो." मला राग आला. पण रात्री पटले. आज तो माझ्या दुकानात आहे, तार मी भरतो, पेटी तो उघडतो. विरोधी मत ऐकल्याने दुकान वाचले.

राजकारणावर बोलायचे तर लोक दोन टोकांना जातात, एक तर भितात, नाहीतर भांडतात. भिण्याचे कारण होते. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल अटक झाली. पण त्याच प्रकारच्या तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ घटनाबाह्य ठरवले. तेव्हा भिऊ नका. राहिले भांडण. 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पुढे त्याचे किती गट पडले हे मी इथे सांगायला नको. जयंतीच्या वर्गणीवरून आपण ग्रुप सोडतो, आणि ग्रुप सोडला की लग्नातही जात नाही.

कोसंबीची गोष्ट भन्तेजींनी आपल्याला सांगितली आहे. शौचालयातल्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, तो दोष की नाही, एवढ्यावरून भिक्षूंचे दोन तट पडले. तथागतांनी समजावले, तरी ऐकेनात. शेवटी तथागत एकटे पारिलेय्यक वनात निघून गेले. मग शहाणपण कुणी केले? तुमच्या-माझ्यासारख्या उपासकांनी. त्यांनी भांडणाऱ्या भिक्षूंना वंदन करणे सोडले, भिक्षा देणे बंद केले. तेव्हा समेट झाला. म्हणजे वस्तीतल्या साध्या माणसांनी ठरवले तर भांडणे मिटतात.

आणि मतभेद सोडवायची रीत तर आपल्याच घरातली आहे. भिक्षुसंघात ठराव मांडला जाई, तीन वेळा पुकारला जाई. मान्य असणारा गप्प राही, अमान्य असणाऱ्याला बोलायची मोकळीक. एकमत झाले नाही तर लाकडाच्या शलाका वाटून मते मोजत, आणि ती गुप्तपणेही घेता येत. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याचीच आठवण दिली की संसदीय पद्धती या देशाला परकी नाही, ती बौद्ध संघात होती. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहायला सांगितले. आपल्या आवडत्या पुढाऱ्याचा संदेश आला की आपण तपासत नाही, हीच ती भक्ती.

दुसऱ्याचा दोष सांगण्याआधी स्वतःला काय विचारावे, हे तथागतांनी भिक्षूंना शिकवले. वेळ योग्य आहे का? गोष्ट खरी आहे का? शब्द मृदू आहेत का? त्यात समोरच्याचे हित आहे का? आणि मनात मैत्री आहे का? मी हे पाच प्रश्न कागदावर लिहून दुकानात मीटरच्या खाली चिकटवले आहेत. बोट दाबायच्या आधी एकदा तिकडे बघतो. निम्मे संदेश तिथेच थांबतात.

म्हणून या वर्धापन दिनी समितीपुढे माझी एक नम्र सूचना आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास विचारविनिमयाचा ठेवावा. एक रविवार धंद्याचा, एक नव्या यंत्रांचा आणि योजनांचा, एक राजकारणाचा. बोलणाऱ्याने माहिती कुठून मिळाली ते सांगावे. महिलांना आणि तरुणांना आधी बोलू द्यावे. मुद्द्यावर बोलावे, माणसावर नको. आणि "मला माहीत नाही" असे म्हणायची कुणी लाज बाळगू नये. एक नोंदवही ठेवावी. आज कोण काय म्हणाले आणि सहा महिन्यांनी कोणाचे खरे निघाले, ते त्यात दिसेल. पहिल्या पानावर माझी सौरपंपाची चूक लिहा, माझी हरकत नाही.

"जालना सोने का पालना" असे जुने लोक म्हणत. त्या पाळण्यात आपले लेकरू कधी नव्हते. पोलादाच्या कारखान्यांत आपण भट्टीपुढे राबलो, बियाणांच्या गोण्या उचलल्या. आता आपली पोरे दुकान टाकू बघतात, यंत्र शिकू बघतात, निवडणुकीला उभी राहू बघतात. त्यांना भांडवल आपण किती देऊ शकू ते माहीत नाही. खरे मत तरी नक्की देऊ शकतो, समोर बसवून आणि प्रेमाने. माझ्या मावसभावाला तेव्हा कुणी एकाने जरी विचारले असते, "अरे, हे तपासलं का?", तर त्याचे पाच हजार वाचले असते. तो विचारणारा माणूस मी असायला हवा होतो.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. काही चुकले असेल तर इथेच, समोर सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!