शिदोरीबरोबरचा चाकू

डोंगरात मुक्कामाला निघालेला तरुण चाकू विकत घ्यायला जातो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अरण्य असते, कांदा नसतो. म्हणून तो वीतभर लांबीचा, जाड पात्याचा, शस्त्रासारखा दिसणारा चाकू उचलतो. मुक्कामावर मात्र त्या चाकूपुढे येतात ते चार कांदे, दोन बटाटे, एखादे लिंबू आणि सुतळीची गाठ. जाड पाते बटाटा कापीत नाही, फोडते.

चाकू निवडावा तो कामावरून. आठ-दहा सेंटिमीटर लांबीचे, पातळ व सरळ धारेचे पाते चौघांच्या स्वयंपाकाला सहज पुरते. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात सॅव्हॉय नावाचा प्रांत आहे. तेथे १८९० मध्ये जोझेफ ओपिनेल याने खिशात मावणारा, लाकडी मुठीचा, मिटता चाकू घडविला. पुढे त्याची १ ते १२ क्रमांकांची मापे निघाली. त्यांतील ८ क्रमांकाचे पाते अवघे साडेआठ सेंटिमीटरांचे. तेच सर्वांत लोकप्रिय ठरले. मिटत्या चाकूत एक धोका असतो: दाब चुकला की पाते बोटांवर मिटते. यासाठी १९५५ मध्ये पात्याच्या मुळाशी फिरते कडे बसविण्यात आले. मिटता चाकू घेताना असा अडसर आहे की नाही, हे आधी पाहावे.

तथापि सह्याद्रीतल्या पावसाळ्याची गोष्ट निराळी. ओलीने लाकडी मूठ फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. कार्बन पोलादाला धार चटकन लागते. पण लिंबाच्या आंबटाने ते काळवंडते आणि ओले राहिले की गंजते. पावसात फिरणाऱ्याने स्टेनलेस स्टीलचा, न मिटणारा, म्यानात बसणारा चाकू घ्यावा. त्याला सांधा नसल्याने तो धुणेही सोपे. चाकू पुसून ठेवण्याची शिस्त ज्याच्या अंगी आहे, त्याने कोरड्या ऋतूत कार्बन पोलाद खुशाल वापरावे.

धारेची हयगय मात्र कोणीही करू नये. बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो, आणि जोराने निसटलेले पाते बोटावरच येते. शिवाय आपल्या घरात विळी स्थिर असते, भाजी हलते. चाकूचे याच्या उलट. त्यामुळे मुक्कामावर फळी नसली की पुष्कळजण भाजी तळहातावर धरूनच कापतात. जेथून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर असतो, तेथे एका बोटाची जखम सगळ्या तुकडीला माघारी फिरविते. तेव्हा चाकूबरोबर हातभर नव्हे, वीतभर फळी बांधून घ्यावी. तिचे ओझे जखमेच्या ओझ्याहून खचितच हलके.