प्रकाशाची करवत : वापर, दोष आणि दक्षता



आजचा विषय टेबलावर मावणाऱ्या लेसर कटरचा आहे. भोंगवलीच्या सभेत हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. पण दारावरची नावाची पाटी, लग्नपत्रिका, शाळेतील प्रतिकृती, स्पर्धेची स्मृतिचिन्हे, गणपतीचे मखर ही कामे आता या यंत्रावर होतात. मोठ्या कारखान्यातून ते लहान दुकानात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आले आहे. ज्या वस्तूशी आपल्या मुलांची गाठ पडणार, तिचे गुण आणि अवगुण दोन्ही वडीलधाऱ्यांना ठाऊक असावेत.

शिवाय या यंत्राचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे. जगातील पहिला लेसर १९६० साली थिओडोर मैमन यांनी अमेरिकेत चालवून दाखविला. त्यानंतर १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध झाला, तो कुमार पटेल यांच्या हातून. हे पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. प्लायवूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या असंख्य यंत्रांत आज त्यांचाच वायू-लेसर काम करतो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर चालणारी यंत्रे खेड्यातील मुलाच्या हाती देता येतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

हाती दिल्यावर ती सांभाळायची कशी, एवढाच आज आपल्यापुढचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या यंत्रात दोष ओळखणे आणि अपघात टाळणे ही एकच विद्या आहे. बिघडण्यापूर्वी आणि पेटण्यापूर्वी यंत्र काही लक्षणे दाखविते. ती पाहणारा माणूस जवळ असला पाहिजे.

लहानपणी उन्हात भिंग धरून आपण कागद जाळला असेल. तत्त्व तेच आहे. काचेच्या लांब नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण असते. तिला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब दिला की अदृश्य किरण निघतो. तीन आरशांवरून वळत तो भिंगावर येतो आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटतो. लहान यंत्राची शक्ती साधारण चाळीस वॅट. घरच्या दिव्याच्या हिशेबात ती क्षुल्लक वाटते. पण ती सारी शक्ती एका बिंदूवर येते, म्हणून तीन मिलिमीटरचे प्लायवूड कापले जाते.

आता डोळ्यांविषयी. वायू-लेसरचा किरण दिसत नाही, तो डोळ्याच्या पुढच्या पडद्याला भाजतो. अलीकडे निळ्या प्रकाशाची, उघड्या सांगाड्याची स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांचा किरण डोळ्यातून आत शिरून दृष्टिपटल जाळतो, आणि ते पुन्हा बरे होत नाही. चष्मा ज्या त्या किरणासाठीच बनविलेला लागतो. उन्हाचा काळा चष्मा येथे निरुपयोगी आहे. वायू-लेसरच्या यंत्राचे झाकण उघडताच किरण बंद करणारी कळ असते. ‘सारखे बंद पडते’ म्हणून ती कळ तारेने जोडून टाकणारे कारागीर आढळतात. ती कळ म्हणजे विहिरीचा कठडा आहे. अडचण होते म्हणून कठडा कोणी पाडीत नाही.

दुसरी गोष्ट मालाची. प्लायवूड, पुठ्ठा, सुती कापड, अ‍ॅक्रिलिक हे या यंत्राचे अन्न. पण पीव्हीसी त्याच्या आसपासही येऊ देऊ नये. रेक्झिन, फ्लेक्स, व्हिनाइलची चिकटपट्टी यांत बहुधा तेच असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसाला झोंबतो आणि यंत्राच्या लोखंडालाही गंज चढवितो. थर्मोकोल चटकन पेट घेते. दुकानदाराने ‘प्लॅस्टिकच आहे’ म्हणून दिलेला तुकडा नावानिशी कळल्याशिवाय यंत्रात घालू नये. साध्या लाकडाचा धूरसुद्धा खोलीत कोंडू देऊ नये. पंखा नळाच्या बाहेरच्या टोकाला बसवावा, म्हणजे नळाला एखादी फट असली तरी धूर घरात न येता बाहेरच ओढला जातो.

आग हा या यंत्राचा खरा वैरी. भिंगाजवळून हवेचा झोत सोडलेला असतो. तो ज्वाळा विझवितो आणि भिंगही स्वच्छ ठेवतो. झोत मंदावला की कापलेल्या कडा जास्त काळवंडतात, मागून लहानशी ज्योत रेंगाळू लागते. हेच ते लक्षण. त्या वेळी माणूस चहाला गेलेला असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून यंत्र चालू असताना जागा सोडायची नाही. आग दिसली तर प्रथम लाल कळ दाबून वीज तोडावी. ज्योत लहान असेल तर ओल्या फडक्याने दाबावी. मोठी असेल तर जवळच ठेवलेले कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. ते हाताशी नसेल तर यंत्राची पर्वा न करता पावडरचे वापरावे. आटोक्याबाहेर जाते असे दिसताच माणसांना बाहेर काढावे.

पाण्याकडे आपण दुर्लक्ष करतो. नळीभोवती पाणी सतत फिरले पाहिजे. ते थांबले, किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला, तर काच तडकते. पाणी डिस्टिल्ड हवे. विहिरीच्या पाण्याने क्षार साचतात. त्याची उष्णता पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस राखावी. चैत्र-वैशाखात बादलीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडाव्या लागतात. पावसाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी. भोरच्या दमट हवेत पाणी फार गार केले तर नळीवर दव धरते आणि ठिणगी उडते. अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते की नाही, हे जाणत्या वीजकामगाराकडून तपासून घ्यावे. वीजपुरवठ्याची पेटी स्वतः उघडू नये; वीज बंद केल्यावरही तिच्यात काही काळ भार राहतो.

आता दोष. ‘कापत नाही’ ही नेहमीची तक्रार असते, आणि लोक लगेच नवी नळी मागवितात. तसे न करता पायरीने चालावे. प्रथम वीज बंद करून भिंग पाहावे. ते धुरकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. भिंग झिंक सेलेनाइडचे असते आणि ते विषारी आहे. तडकले तर तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत. मग भिंगापासून मालाचे अंतर पाहावे. त्यानंतर पाहावे की यंत्र कुठे कापते आणि कुठे नाही. एका कोपऱ्यात चांगले, दूरच्या कोपऱ्यात अशक्त, तर आरसे हलले आहेत. सकाळी चांगले, दुपारी अशक्त, तर पाणी तापले आहे. कड तिरपी येत असेल तर किरण भिंगाच्या मध्यातून जात नाही. वर्तुळ वाकडे, रेघ दातेरी, तर पट्टा ढिला आहे. हे सारे तपासून झाले, आणि तरी सर्वत्र सारखाच अशक्तपणा राहिला, तर मगच नळीवर संशय घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला, हे कधीच कळत नाही. आरसे जुळविण्याचे काम मात्र झाकण उघडे ठेवून करावे लागते. ते योग्य चष्मा घालून, कमीत कमी शक्तीवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

कोणी म्हणेल, इतके भय असेल तर यंत्र नकोच. मला तसे वाटत नाही. आपल्या घरात चूल आहे, शेतात विजेचा पंप आहे, अंगणात उसाचा कोयता आहे. त्यांची रीत आपण आईबापांकडून शिकलो. या यंत्राची रीत मुलांना शिकविणारे मात्र घरात कोणी नाही, कारण मागच्या पिढीने ते पाहिलेलेच नाही. म्हणून ती मुद्दाम शिकवावी लागेल. शाळेत यंत्र आले तर पहिल्या दिवशी मुलाला नक्षी काढायला न लावता लाल कळ कुठे आहे ते दाखवावे. दुसऱ्या दिवशी भिंग पुसायला द्यावे, तिसऱ्या दिवशी वही. नक्षी चौथ्या दिवशी काढली तरी चालेल. बारामतीत जन्मलेल्या एका माणसाने घडविलेला हा किरण आपल्या तालुक्यातील मुलांच्या हाती यावा, आणि त्यांचे डोळे व बोटे शाबूत राहून यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.