चाकाचे नट कसे आवळावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोटारीवर बोलणार म्हणताच काहीजणी हसल्या. हसा, पण ऐका.

मागच्या पावसाळ्यात पांढरकवड्याच्या रस्त्यावर आमचे चाक बसले. दिवस मावळत होता. कोण्या दुकानात हवेच्या मशीनने नट असे आवळले होते, की यजमान पान्यावर उभे राहिले तरी हलेनात. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊने पान्याला लांब पाइप लावून ते सोडविले. एका बोल्टचे आटे मात्र गेले. तेव्हापासून चाक कोठेही बसवून आणले तरी घरी एकेक नट सैल करून मी पुन्हा आवळते.

जास्त घट्ट ते जास्त चांगले, ही समजूत खोटी आहे. आवळलेला बोल्ट केसभर ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा आखडू पाहतो. त्या ओढीनेच चाक धरलेले असते. ओढ कमी पडली तर नट सुटतो, फाजील झाली तर बोल्ट तुटतो. आपल्या जोरातले सुमारे 90 टक्के घर्षणातच जातात. ताणायला उरतात 10. म्हणून आट्यांना तेल लावू नये. घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. तारेच्या ब्रशने आटे कोरडे पुसावे, बस्स.

बरणीला दादरा बांधताना एकच बाजू ओढली तर दुसरीकडे चुण्या पडतात ना? चाकाचेही तसेच. चार नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक, असे थोडेथोडे आवळीत जावे. आधी गाडी जॅकवर असताना हाताने बसवावे आणि चाक जमिनीला टेकल्यावरच पुरता जोर लावावा.

जोर किती, ते गाडीच्या पुस्तकात असते. पुष्कळ लहान मोटारींना 85 ते 120 न्यूटन-मीटर लागतो. 40 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला 25 किलोचा भार दिला, की सुमारे 98 होतात. धान्याचे अर्धे पोते उचलणारीला तो अंदाज सांगायला नको! पुढे 50–80 किलोमीटर गाडी चालली, म्हणजे एकदा वर्ध्यापर्यंत जाऊन आले, की नट पुन्हा तपासावे.

ठरलेला जोर पुरा होताच ‘टिक्’ करणारा टॉर्क पाना मिळतो. मंडळाने मोठी पातेली घेतली, तसा तोही एक घ्यावा, अशी माझी सूचना आहे. मात्र नेणारीने त्याने नट सोडू नयेत, आणि परत देताना आकडा खाली उतरवून द्यावा.